फारशी छाप आणि मुंबईची टांकसाळ

पालेगावातून जुन्या अंबरनाथकडे निघालं की वालधुनी नदीच्या काठी शिवमंदिर लागतं. मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १०६०. लेख उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या मम्मुणी राजाचा. बांधकामाला सुरुवात मात्र त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या कारकिर्दीत झाली असं अभ्यासक मानतात. याच छित्तराजाची चांदीची नाणी सापडली आहेत, आणि मंदिराइतकंच नवल मला त्या नाण्यांचं वाटतं. नाव नागरी अक्षरांत कोरलेलं आहे, राजा शिवभक्त आहे, प्रजा कोकणातली आहे. पण नाण्यावरचा छाप इराणच्या सासानी बादशहांचा आहे.

सासानी द्रम्म रुंद आणि पातळ असे. पुढच्या बाजूला मुकुटधारी बादशहा, मागच्या बाजूला अग्निवेदी आणि तिच्या दोन्ही अंगांना उभे दोन रक्षक. पाचव्या शतकात फिरोज नावाचा सासानी बादशहा हूणांशी लढताना हरला. त्याच्या सुटकेसाठी आणि खंडणीपोटी चांदीच्या थैल्या हूणांकडे गेल्या. हूणांनी तीच नाणी वापरली, मग त्याच धर्तीवर स्वतःची पाडली आणि तो छाप घेऊन ते हिंदुस्थानात उतरले. राजस्थान, गुजरात, माळवा आणि पुढे कोकण, अशी त्याची वाट. प्रत्येक पिढीच्या कारागिराने मागच्या पिढीचं नाणं समोर ठेवून नवा ठसा कोरला. नकलेची नकल होत गेली. बादशहाचं नाक एक जाड रेघ झालं, डोळा टिंब झाला, मुकुट काही आडव्या फाट्यांत उरला, अग्निवेदीची टिंबांची उतरंड झाली. नाणंही आकसून जाडजूड झालं. याच नाण्याला आपण गधैया म्हणतो.

छित्तराजाच्या काळी इराणात सासानी राज्य बुडून जवळजवळ चारशे वर्षं झाली होती. कोकणात इराणी वंशाची माणसं मात्र होती. कान्हेरीच्या एका लेण्यात पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत, सन १००९ आणि १०२१ची. आपल्याच जुन्या बादशहाचा झिजून गेलेला चेहरा ठाणे-कल्याणच्या बाजारात चालतो आहे हे त्यांना ओळखू आलं असेल का? मला शंका आहे. तो चेहरा तोवर कोणाचाच राहिला नव्हता. व्यापाऱ्याच्या लेखी ती फक्त ओळखीची खूण होती: असा छाप म्हणजे इतकं वजन, इतकी चांदी. ज्या दिवशी एखादा राजा हौसेने त्यावर आपलं सुंदर चित्र काढेल, त्या दिवशी सराफ ते नाणं बाजूला ठेवून कसोटीचा दगड मागवील, याची जाण शिलाहारांना असावी. म्हणून छाप तसाच ठेवून त्यांनी त्यात फक्त आपलं नाव घातलं.

नाण्याचं रूप बदलायचं असेल तर ते कोणाला आणि कधी जमतं, हा प्रश्न याच मुलुखात सहाशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला. या वेळी छापात फारशी अक्षरं होती आणि धडपड करणारे होते इंग्रज.

१६६८ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, वर्षाला सोन्यात दहा पौंड एवढ्या खंडावर. पुढच्याच वर्षी गव्हर्नर झालेला जेराल्ड ऑंजियर हा मोठ्या आवाक्याचा माणूस. मुंबईला बाजारपेठ करायची तर मुंबईचं नाणं हवं, हे त्याने हेरलं. १६७२च्या सुमारास किल्ल्यात टांकसाळ सुरू झाली आणि चार प्रकारची नाणी ठरली: सोन्याचं कॅरोलिना, चांदीचं अँग्लिना, तांब्याचं कॉपरून आणि कथलाचं टिनी. नाणी कंपनीच्या ढालीची होती, अक्षरं रोमन, भाषा लॅटिन.

ती चालली नाहीत. बेटाच्या आत शिपायाला पगारात देता येत, पण खाडी ओलांडून पनवेलला किंवा कल्याणला गेलं की दुकानदार ती चांदीच्या भावाने घेई, तेही वजनात काही कमी धरून. कंपनीला कापड, मिरी, धान्य सगळं बेटाबाहेरून विकत घ्यायचं होतं. जे नाणं बेटाबाहेर चालत नाही त्याचा व्यापाऱ्याला उपयोग तो काय?

मग इंग्रजांनी शिवाजी महाराजांकडे धाव घेतली. १६७४च्या जून महिन्यात राज्याभिषेकाच्या वेळी कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. तो नुसता नजराणा घेऊन आला नव्हता, तहाची कलमंही घेऊन आला होता. त्यातलं एक कलम असं होतं की मुंबईचं नाणं महाराजांच्या मुलुखात चालावं. बाकीची बहुतेक कलमं मान्य झाली. या कलमावर मिळालेलं उत्तर मला राज्यकर्त्याच्या शहाणपणाचा उत्तम नमुना वाटतं. त्याचा आशय असा: आम्ही कोणत्याही नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्यायची तिच्यावर सक्तीही करणार नाही. तुमचं नाणं कसाने आणि वजनाने चोख असेल तर ते आपोआप चालेल, त्याला कलमाची गरज नाही.

हे बोलणाऱ्या राजाने त्याच सुमाराला स्वतःचं नाणं पाडलं होतं. तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. दख्खनमध्ये त्या काळी नाण्यावर फारशी अक्षरं असणं हाच शिरस्ता होता, आणि तो मोडून देवनागरी लिहिण्यात राज्याची सगळी भूमिका उमटली होती. तांब्याचं नाणं हाटातलं, गावातल्या गावात फिरणारं. तिथे हे धाडस लोकांनी उचलून धरलं आणि शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हातोहात चालत राहिली. चांदीच्या रुपयाचं गणित वेगळं होतं. रुपया सुरतेहून आग्र्याला आणि औरंगाबादेहून बंदरांपर्यंत जायचा, आणि त्या सगळ्या वाटेवर त्याची ओळख एकच होती: फारशी अक्षरांतलं मोगल बादशहाचं नाव.

इंग्रजांना हे पचायला वेळ लागला. १६७६ साली चार्ल्सने मुंबईत रुपये पाडण्याची रीतसर सनद दिली आणि लगेच ‘मुंबईचा रुपया’ असं इंग्रजीत लिहिलेला, राजाच्या अधिकाराची ग्वाही देणारा रुपया निघाला. १६७७-७८ची ही नाणी आज फार दुर्मीळ आहेत, कारण ती थोडी पडली आणि त्याहून थोडी टिकली. आजच्या भाषेत ही चाचणीची नाणी म्हणावी लागतील. एकामागून एक छाप करून पाहायचा, बाजारात सोडायचा, परत आला की दुसरा करायचा, असा तो काळ होता.

पुढची चाचणी सर्वांत धाडसी होती. रोमन अक्षरं चालत नाहीत तर फारशी लिहू, रुपयाचा घाट हुबेहूब मोगली ठेवू, फक्त बादशहाच्या जागी आपल्या राजाचं नाव घालू, असं ठरलं. विल्यम आणि मेरी या इंग्लंडच्या राजा-राणीची नावं फारशीत कोरलेले रुपये १६९०च्या दशकात मुंबईत पडले. लांबून पाहिलं तर औरंगजेबाचा रुपया. वाचता येणाऱ्याने वाचला तर राज्य दुसऱ्याचं.

हे बादशहाला झोंबणारच होतं. नाण्यावर नाव आणि शुक्रवारच्या खुतब्यात नाव, या दोन गोष्टी म्हणजे सार्वभौमत्वाची घोषणा. १६८९ साली बादशहाच्या आरमाराचा सरदार सिद्दी याकूतखान याने मुंबईला वेढा घातला होता आणि इंग्रजांनी बादशहाची क्षमा मागून, दंड भरून सुटका करून घेतली होती. त्याला पाच-सहा वर्षंही झाली नव्हती. त्यात १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने बादशाही ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज मक्केहून परतताना लुटलं आणि सुरतेतल्या वखारीचे इंग्रज बेड्यांत पडले. इतिहासकार खाफीखान त्या काळात मुंबईस जाऊन इंग्रज अधिकाऱ्याला भेटला होता. बादशहाचा राग चाचेगिरीवर जसा होता तसा रुपयांवरही होता, असं त्याच्या बखरीतून दिसतं. रुपयांबद्दल इंग्रजांनी त्याला दिलेला खुलासा साधा होता: हिंदुस्थानची नाणी वजनात कमी आणि हिणकस येतात, देण्याघेण्यात तंटे होतात, म्हणून आम्ही आपल्या हद्दीपुरती आपल्या नावाची पाडली. खुलाशात तथ्य होतं, पण बादशहाला ते पुरणारं नव्हतं. हाही छाप मागे पडला.

अखेर सुटका झाली ती माघार घेऊन. कंपनीने पाठवलेली जॉन सरमनची वकिलात दिल्लीला जाऊन बसली आणि १७१७ साली फर्रुखसियर बादशहाकडून फर्मान मिळालं: मुंबईत बादशाही रुपया पाडावा आणि तो सगळ्या मुलुखात चालावा. त्यानंतर मुंबईच्या टांकसाळीतून जो रुपया बाहेर पडला त्यावर मोगल बादशहाचं नाव होतं, जुलूसाचं, म्हणजे त्याच्या राज्यारोहणापासून मोजलेलं साल होतं आणि ‘मुंबई’ हे टांकसाळीचं नाव फारशी लिपीत होतं. पंचेचाळीस वर्षं आपल्या राजाची मुद्रा खपवायची धडपड केलेल्या कंपनीने ती सोडून दिली आणि त्याच दिवसापासून तिचा रुपया चालू लागला. रायगडावर मिळालेल्या उत्तराचा अर्थ तिला एवढ्या उशिरा उमगला.

हाताने रुपया कसा पडे, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. चांदी आटवून तिचा कस पाहायचा, सळया ओतायच्या, त्यांचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा तोलून कानशीने वजनाला आणायचा. मग तो खालच्या ठशावर ठेवून, वर दुसरा ठसा धरून त्यावर घणाचा घाव. ठसा तुकड्याहून मोठा असल्यामुळे पूर्ण मजकूर कोणत्याही एका रुपयावर उमटत नसे. कोणावर बादशहाच्या नावाचा शेवट, कोणावर सालाचा अर्धा आकडा. कडेला काही छाप नसल्याने कोणी कड कापून चांदी काढली तरी डोळ्यांना कळत नसे. त्यामुळे प्रत्येक व्यवहारात सराफ हवाच. तो रुपया वाजवणार, तोलणार, खूण ठोकणार आणि बट्टा कापणार. शिवाय नव्या जुलूसाचा रुपया पूर्ण किमतीचा आणि मागच्या सालांचा कमी किमतीचा, ही एक वेगळीच रीत. खेडुताच्या गाठीला बांधलेला रुपया नुसता वर्ष उलटलं म्हणून उतरत असे.

मराठी राज्यातही चांदीचा रुपया फारशी छापाचाच राहिला. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदोरी, आणखी कितीतरी. सगळ्यांवर दिल्लीच्या बादशहाचं नाव आणि कडेला अंकुशासारखी एखादी खूण. टांकसाळी पुष्कळदा मक्त्याने दिल्या जात. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी राजवटीतल्या टांकसाळींवर जो निबंध लिहिला त्यात नागोठण्याच्या बाळाजी बापूजींचा परवाना नोंदला आहे: १७४४-४५ साल, तांब्याचं नाणं दहा मासे वजनाचं, मुदत तीन वर्षं. पेशव्यांनी छाप बदलला नाही याबद्दल त्यांना दोष देणारे लेख मी वाचले आहेत. मला तो दोष पटत नाही. मुलूखगिरीच्या फौजेला अटकेपासून कर्नाटकापर्यंत धान्य विकत घ्यायचं होतं, आणि तिथल्या दुकानदाराला फारशी रुपयाच ओळखीचा होता.

नाण्याच्या जगात खरा पालट झाला तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळ. मॅथ्यू बोल्टनने सोहो इथल्या कारखान्यात वाफेच्या बळावर नाणी पाडणारी यंत्रं उभी केली आणि त्याच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांत ईस्ट इंडिया कंपनी होती. १७९१ साली मुंबईसाठी तांब्याचे पैसे सोहोत पडले आणि पिंपांत भरून जहाजाने आले. एका बाजूला कंपनीच्या गासड्यांवर असे तो शिक्का, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारशी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. नाणं पूर्ण गोल, सगळी एकसारखी, कड ठसठशीत. नमुना म्हणून त्यांतली काही सोन्याचा मुलामा देऊन घडवली होती. असे नमुने आजही संग्राहकांकडे आढळतात. प्रयोगाची सुरुवात तांब्यापासून झाली हे योग्यच होतं. तांब्याचा पैसा चुकला तर नुकसान थोडं; रुपया चुकला तर पेठ बसते.

१८०० साली सुरत कंपनीच्या ताब्यात गेली. मुंबईत पुढे जो सुरती रुपया पडत राहिला त्यावर शहा आलमचं नाव आणि जुलूस ४६ हे साल कायमचं गोठवलं गेलं. शहा आलम १८०६ साली वारला, पण त्याच्या नावाचा आणि त्याच सालाचा रुपया त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षं निघत राहिला. बंगालमध्ये हीच युक्ती जुलूस १९ हे साल गोठवून आधी केली होती. सालच बदलत नाही म्हटल्यावर जुन्या सालाचा बट्टा कापायचा कसा? नाण्याच्या आधुनिकीकरणातलं हे पाऊल यंत्राच्या आधीचं आहे, आणि मला ते यंत्राइतकंच मोलाचं वाटतं, कारण त्याचा फायदा थेट रुपया वापरणाऱ्या गरिबाला झाला.

यंत्र मुंबईला आलं १८२०च्या दशकात. मेजर जॉन हॉकिन्सने फोर्टात टांकसाळीची इमारत बांधली. काम १८२४ला सुरू होऊन १८२९ला पुरं झालं. सोहोची यंत्रसामग्री समुद्रमार्गे आली, वाफेची इंजिनं बसली. आणि या नव्या यंत्रांवर पहिल्या वर्षांत पडला कोणता रुपया? तोच, शहा आलमचा. फारशी अक्षरं आता पूर्ण उमटत होती, कड सुबक होती, वजन अचूक होतं, पण नाव पंचवीस वर्षांपूर्वी निवर्तलेल्या, शेवटी आंधळ्या झालेल्या बादशहाचं. टांकसाळीने आधी घडण बदलली, लोकांना नव्या घडणीची सवय होऊ दिली, आणि नाव सर्वांत शेवटी काढलं. ऑंजियरने नेमकं उलटं केलं होतं.

नाव निघालं १८३५ साली. त्या वर्षीच्या कायद्याने सगळ्या कंपनी मुलुखाला एकच रुपया लागू झाला: १८० ग्रेन वजन, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. १८० ग्रेन म्हणजेच एक तोळा, त्यामुळे सोनाराच्या तराजूत रुपया हेच वजन झालं. पुढच्या बाजूला विल्यम चौथ्याचा चेहरा आला. मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’, मधोमध इंग्रजीत एक रुपया, आणि त्याखाली लहान अक्षरांत फारशीत ‘यक रुपिया’. कित्येक शतकं या ना त्या रूपात चाललेल्या फारशी छापाचा एवढाच अंश उरला. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या टांकसाळी बंद पडत गेल्या, जुने रुपये आटवणीत गेले, आणि ते ज्याच्या हाती होते त्याने जाता जाता शेवटचा बट्टा सोसला. सुधारणेची ही किंमत रयतेने भरली, याची नोंद इंग्रजी अहवालांत ठळक अक्षरांत सापडत नाही. ती आपण करायला हवी.

ज्या देशातून तो पहिला छाप आला, त्या इराणात या वेळी काय चाललं होतं? तिथे काजार घराण्याचे किरान अजूनही हातानेच पडत होते, तेहरान, तब्रिझ, इस्फहान, मशहद अशा गावोगावच्या टांकसाळींत, आणि एका गावचा किरान दुसऱ्या गावी वजनात उणा निघे. नासिरुद्दीन शहाने १८६०च्या दशकात युरोपातून यंत्रं आणवली, हिजरी १२८१ सालाची नमुना नाणीही निघाली, पण काम तिथेच अडलं. १८७७च्या सुमारास पेखान नावाच्या ऑस्ट्रियन जाणकाराच्या देखरेखीखाली तेहरानची टांकसाळ नीट सुरू झाली आणि गावोगावच्या बंद झाल्या. पुढे टांकसाळ मक्त्याने गेली, तांब्याचा पैसा बेसुमार काढला गेला आणि त्याची किंमत बाजारातच कोसळली. यंत्र उत्तम होतं, नाणं गोल होतं, शहाचा सिंह आणि सूर्य त्यावर झळकत होता. पण पैसा किती काढायचा याचा संयम नव्हता.

एक विनंती या मुलुखातल्या वाचकांना. पालेगावापासून बदलापुरापर्यंत सगळीकडे इमारतींचे पाये खणले जात आहेत. या मातीवर शिलाहारांपासून कंपनीपर्यंत सगळ्यांचा बाजार भरला आहे. गधैया हातात आला तर तो ओळखू येत नाही. काळवंडलेला, बोटाच्या पेराएवढा गोळा, वर टिंबं आणि रेघा. असं काही सापडलं तर ते घासून चकचकीत करू नका, सोनाराकडे आटवायला तर मुळीच नेऊ नका. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे. एकाच जागी एकत्र सापडलेली पाच नाणी वेगवेगळ्या विकत घेतलेल्या पाचशे नाण्यांहून अधिक इतिहास सांगतात, आणि छित्तराजाची नाणी अजून फार थोडी माहीत आहेत.